सहावी कडी

डहाणूत मानपत्रं लिहिण्याचं काम मी २०१४च्या पावसाळ्यानंतर सुरू केलं. त्याआधी बारा वर्षं मुंबईतल्या एका दैनिकात डेस्कवर होतो. पत्नी रेल्वेत. तिची बदली डहाणू रोडला झाली, क्वार्टर मिळालं आणि मी नोकरी सोडली. अक्षर शाळेपासून चांगलं होतं. डेस्कवर त्याचा काही उपयोग नव्हता, इथे झाला.

तालुक्यात दर महिनाअखेर कोणी ना कोणी निवृत्त होतं. शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टमास्तर. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. छापील मानपत्र सगळ्यांनाच मिळत असल्यामुळे हातानं लिहिलेल्याला मागणी आली. पुढे साखरपुड्याच्या पाट्या आल्या, लग्नाच्या पन्नाशीचे पट आले, बारशाला पाळण्यामागे लावायचे नावाचे फलक आले. हातकागद, काळी शाई आणि तिरपी कापलेली निब एवढ्यावर काम चालायचं.

२०१५ साली तळासरी तालुक्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होणार होते. सहकारी शिक्षकांना मानपत्राभोवती वारली चित्रांची कड हवी होती, आणि ती खऱ्या हाताची हवी होती. त्यांनीच मला एका पाड्यावर नेलं. तिथली बाई चाळिशीची होती. नवरा अच्छाडला एका ढाब्यावर तंदूर सांभाळायचा. निरोप त्याच्याच मोबाइलवर द्यायचे.

ही बाई लग्नाचे चौक लिहिणारी होती. वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक करतात. तिथे त्याला काढणं म्हणत नाहीत, लिहिणं म्हणतात. चौकात मधोमध पालघट देवी असते. ती लिहून झाली की तिच्यावर कापड टाकतात आणि वेळ आल्यावरच ते दूर करतात. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. कोणाला बोलवायचं हे त्या भागात धवलेरीच्या शब्दावर ठरायचं. धवलेरी म्हणजे गाणी गात लग्न लावणारी म्हातारी. या बाईला आसपासच्या सात-आठ पाड्यांवरून बोलावणं येत असे. तिच्या आधी तिच्या आईला येत असे. तिच्याकडे जमीन नव्हती आणि तिचं घर पाड्याच्या टोकाला होतं. तरी पाड्यावर तिच्या शब्दाला वजन होतं, ते या बोलावण्यामुळे.

पहिल्या भेटीत तिने मला अरे-तुरे केलं. तिकडच्या बोलीत सगळ्यांनाच तू म्हणतात हे मला माहीत होतं, तरी राग आला. मी तिला अहो-जाहो करत राहिलो. तिला त्यात टोमणा दिसला. तो होताच.

कागद आठ दिवसांनी परत आला. चारही बाजूंनी गेरूचा पट्टा, त्यावर पांढऱ्या रंगात साखळीची कड, कोपऱ्यांत ताडाची झाडं, खाली तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच. काम बारीक आणि सफाईदार होतं. एकच गोष्ट खटकली. साखळीत पाच कड्या पूर्ण होत्या आणि सहावी एका बाजूला उघडी. पुढे पुन्हा पाच बंद, सहावी उघडी. घाईत राहून गेलं असेल असं मी धरलं. बारा वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्याचं काम केलं होतं. सगळ्यात बारीक निब घेऊन पांढऱ्या शाईनं त्या सगळ्या कड्या मी मिटवल्या. मग मजकूर लिहिला आणि काच लावून दिला.

तिची मुलगी त्याच शाळेत होती. निरोप समारंभाला पालकांना बोलावलं होतं. भाषणं संपल्यावर बाई सरळ टेबलापाशी आली आणि काचेवर बोट ठेवून उभी राहिली.

"ही कोणी मिटवली?"

उघड्या राहिल्या होत्या, मी पूर्ण केल्या, असं मी सांगितलं.

"तुझ्या एका तरी अक्षराला मी हात लावला?"

मुख्याध्यापक मध्ये पडले. छान झालंय बाई, कोणाला कळतंय, म्हणाले. ती त्यांच्याकडे वळलीच नाही.

"आई सोडायची, म्हणून मी सोडते," ती मला म्हणाली. "तू कोण मिटवणार?"

दोन महिने निरोपाला उत्तर आलं नाही. मग आलं. कारण तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला तिच्या चित्रांची गरज होती आणि तिला कामाची.

त्यानंतरची अडीच वर्षं आम्ही एकत्र काम केलं आणि एकमेकांचा तिटकारा केला. मी पेन्सिलीनं समास आखून द्यायचो, ती झाडांच्या फांद्या त्याच्या आत घालायची. माझ्या अक्षरांना ती डोंगळे म्हणायची. "तुझे डोंगळे माझ्या झाडावर चढवू नको," हे ती ओटीवर बसलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, आणि बायका हसायच्या. मी कागद उलटासुलटा करून दाखवायचो आणि बाई, पुढच्या वेळी झाडं शिस्तीत वाढवा, असं म्हणायचो. त्यावर कोणी हसत नसे.

प्रत्येक कामाच्या खालच्या कोपऱ्यात मी 'सुलेखन' असा शब्द आणि माझं नाव लिहीत असे. एकदा तिच्या मुलीनं ते वाचून दाखवलं. त्यात माझं कुठं आहे, असं बाईनं विचारलं. मी उलट विचारलं, तुमच्यात चौकाखाली नाव लिहायची पद्धत आहे का? नाही, ती म्हणाली. बघणारीला साखळीवरून कळतं. मग प्रश्न मिटला, असं मी म्हणालो.

२०१७च्या दिवाळीनंतर एक सरकारी अधिकारी घरी आले. मुलीचं लग्न बोर्डीला एका चिकूच्या वाडीत ठरलं होतं. एका ग्रामसेवकाच्या घरी त्यांनी माझं मानपत्र पाहिलं होतं. मांडवाच्या तोंडाशी लावायला त्यांना सहा फूट बाय चार फुटांचा कापडी चौक हवा होता. व्याही पुण्याचे. त्यांना इथलं काहीतरी दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"मध्ये देवीबिवी नको, आमच्यात ती नाही," ते म्हणाले. "मध्ये दोघांची नावं, तुमच्या अक्षरात. बाकी चौक एकदम ओरिजिनल. बॉर्डर त्या ग्रामसेवकाकडे आहे तीच."

मी होकार दिला. बाईला विचारायचं आहे हे त्यांना सांगितलं नाही. तिचा होकार मी गृहीत धरला होता.

तळासरीहून शेअर जीपनं मी पाड्यावर गेलो. ओटीवर तीन-चार बायका भात पाखडत होत्या. मी माप सांगितलं, तारीख सांगितली, कापड दाखवलं. तिने कापडाचं सूत बोटांनी तपासलं आणि परत दिलं.

"चौक नाय होणार. नाच घे, झाड घे, घर घे."

देवी नकोच आहे, फक्त चौकट हवी, मी म्हणालो.

"रिकामा चौक? मग तिथं बसणार कोण?"

मुलामुलीची नावं, मी सांगितलं.

ती बायकांकडे वळली. "ऐकलं का? पालघटच्या जागी हा डोंगळे बसवतो."

बायका हसल्या. ती हसत नव्हती. लग्नघराच्या भिंतीशिवाय चौक लिहायचा नसतो, बाहेरच्यासाठी तर नाहीच, आणि देवीच्या जागी दुसरं काही लिहिलं हे कळलं तर पुन्हा बोलावणं येणार नाही, असं तिने मला एखाद्या मंद मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"तुला दुसरी बाई मिळेल," ती म्हणाली. "मला दुसरा मान नाय मिळणार."

यावर थांबता आलं असतं. मी तिला सांगितलं की हे काम नाही तर पुढचं कोणतंच नाही, यापुढे निरोप येणार नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "डोंगळे कमी झाले."

अधिकाऱ्यांना नकार कळवणं शक्य होतं. तो मी कळवला नाही. तिच्या प्रत्येक कामाचे फोटो माझ्याकडे होते, नोंद म्हणून काढलेले. त्यांतले साखळीचे भाग मी मोठे करून घेतले. तिची एक काडी माझ्या डब्यात राहिली होती. बांबूची, टोक चावून मऊ केलेली. जुन्या वर्तमानपत्रांवर आठवडाभर तिचा हात गिरवला. कडी कुठे सुरू होते, काडी कुठे दाबते, कुठे उचलते, हे सापडायला चार दिवस लागले. त्यानंतर सोपं होतं. कापड गेरूत बुडवून वाळवलं आणि पांढऱ्या रंगात चौक केला. मध्ये वधूवरांची नावं लिहिली.

प्रत्येक सहावी कडी उघडी सोडली. ग्राहकाला तीच बॉर्डर हवी होती हे एक कारण. दुसरं असं की नक्कल करायची तर तंतोतंत करायची, ही सवय होती. अडीच वर्षांपूर्वी ज्या कड्या मी चूक म्हणून मिटवल्या, त्या आता बंद ठेवणं मला चूक वाटलं.

लग्न डिसेंबरात झालं. चौक मांडवाच्या तोंडाशी बांबूच्या चौकटीत लावला होता. त्याच्यापुढे पाहुण्यांचे फोटो चालले होते. वधूपिता सांगत होते की हा अस्सल आदिवासी चौक आहे, इथल्याच बाईकडून खास करून घेतलेला. मी चार हातांवर उभा होतो. दुरुस्ती केली नाही.

भांडी घासायला आणलेल्या बायका टेम्पोतून तळासरीकडून आल्या होत्या. त्यांतली एक हात पुसत चौकापुढे आली आणि बोट हवेत हलवत खालची कड मोजू लागली. मग तिने दुसरीला हाक मारली. दोघींनी मोजलं, मधली नावं पाहिली आणि मागे भांड्यांकडे गेल्या. त्यांना काम आवडलं, असं मी त्या वेळी समजलो. त्या संध्याकाळी वहीत तसं लिहूनही ठेवलं.

मार्चमध्ये बाई नवऱ्याला घेऊन डहाणूला आली. त्याआधी ती माझ्याकडे कधी आली नव्हती. पत्नीनं खुर्च्या पुढे केल्या. नवरा बसला. ती दारातच उभी राहिली.

"बोर्डीला चौक कोणी लिहला?"

"मी."

"माझ्या साखळीनं?"

तुम्ही नाही म्हणालात म्हणून, मी सांगितलं.

"मी नाय म्हटलं, तरी मीच केला. सगळे तेच बोलतात."

माघापासून तीन लग्नं झाली होती. पहिलं शेजारच्या पाड्यावर, दुसरं तिच्याच पाड्यावर, तिसरं तिच्या मावसबहिणीच्या घरी. एकाही घरातून तिला चौकाचं बोलावणं नव्हतं. मावसबहिणीकडे ती न बोलावता गेली तेव्हा तिला बाहेर ओटीवर बसवून चहा दिला आणि आत चौक दुसऱ्या बायकांनी लिहिला. बोर्डीचा चौक आपण केला नाही, हे तिने धवलेरीला सांगितलं होतं. मग साखळी कोणाची, असं धवलेरीनं विचारलं. मास्तराची, ती म्हणाली. पाड्यावर मला मास्तर म्हणायचे. तिचं उत्तर ऐकून सगळ्या बायका हसल्या होत्या.

"पुरुषाच्या हातानं असं येईल हे कोणी मानत नाही," नवरा म्हणाला. "मीच मानलं नव्हतं."

तेवढंच तो बोलला. ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "रविवारी ये. सगळ्यांसमोर कर. माझी काडी तुझ्याकडं आहे, ती घेऊन ये."

रविवारी मला एका साखरपुड्याची पाटी द्यायची होती. ते मी सांगू लागलो. पत्नी म्हणाली, "येईल तो."

रविवारी सकाळी ओटीवर पंधरा-वीस बायका होत्या. बोर्डीला भांडी घासलेल्या दोघी त्यांत होत्या. धवलेरी भिंतीला टेकून बसली होती. वयाचा अंदाज येत नव्हता. बाई एका बाजूला, खांबाला धरून. मी घडलं ते क्रमानं सांगायला सुरुवात केली. ऑर्डर कधी आली, नकार कधी मिळाला, फोटो कसे वापरले. धवलेरीनं दोन वाक्यं ऐकून घेतली.

"तोंडाचं राहू दे. हाताचं दाखव."

बाहेरच्या भिंतीचा एक भाग सारवून ठेवला होता. तांदळाचं पीठ एका वाटीत कालवलं होतं. फक्त साखळी, आत काही नाही, आणि तीनच बाजू, असं धवलेरीनं बजावलं. चौथी बाजू झाली तर तो चौक होईल.

पीठ रंगासारखं वागत नाही. पहिल्या पाच-सहा कड्या ओघळल्या. मागून कोणीतरी म्हणालं, साखळी नाय, गोगलगाय चाललीय. हशा पिकला. खांबापाशी उभी असलेली एकटी हसली नाही. मला येत नाही असं ठरलं असतं तर तिचं संपलं असतं. माझ्याविषयी तिला काहीही वाटत असो, त्या क्षणी तिला माझा हात बरोबर यायला हवा होता.

"पीठ निथळू दे," ती म्हणाली. "वाटीच्या काठाला लाव काडी."

लावली. पहिली बाजू संपेपर्यंत कड्या बसू लागल्या. दुसऱ्या बाजूला हसणं थांबलं. पाच बंद, सहावी उघडी. पाच बंद, सहावी उघडी. तिसरी बाजू मी वेगानं केली आणि काडी खाली ठेवली. भांडी घासणाऱ्या दोघींपैकी एक पुढे आली, बोटानं मोजलं आणि म्हणाली, "हीच."

धवलेरी उठून भिंतीपाशी आली.

"हात हिचा," ती म्हणाली. "माणूस दुसरा."

मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, एवढं येत होतं तर हिच्याकडं कशाला येत होतास? खरं उत्तर असं होतं की येत नव्हतं, तिच्याकडे येऊन येऊन आलं.

निर्णय तिथेच सांगितला गेला. बाईनं काही केलेलं नाही, तिला बोलावणं जाईल. पण ही साखळी पुरुषाच्या हातात गेली, पालघटच्या जागी नावं लिहून मांडवात टांगली गेली, म्हणून ती आता कोणत्याही चौकाला चालणार नाही. बाईनं दुसरी लिहावी.

"आईची आहे," बाई म्हणाली.

"आईची होती," धवलेरी म्हणाली आणि चहा मागितला.

बायका पांगल्या. बाईनं घमेल्यात शेण आणि माती कालवली आणि भिंत सारवायला घेतली. वरून खाली, एकेक बाजू. मी जवळ जाऊन माफी मागितली. जे केलं ते चुकीचं होतं, असं स्पष्ट शब्दांत सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"पाय काढ," ती म्हणाली. "तिथं सारवायचंय."

काडी द्यायची राहिली होती. ती पुढे केली. तिने घेतली, दोन तुकडे केले आणि घमेल्यात टाकले.

डहाणूला परतल्यावर मी अधिकाऱ्यांना फोन केला. चौक परत द्या, त्या बदल्यात दुसरं काही करून देतो, असं सुचवलं. त्यांनी तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला होता. कोणी लेखी तक्रार केली आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर, मग विषय कशाला वाढवता, म्हणाले. पुढे त्यांनी आणखी दोघांना माझ्याकडे चौकासाठी पाठवलं. मी नकार दिला. त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतला नाही.

तेव्हापासून माझी मानपत्रं मोकळ्या समासाची असतात. लोक विचारतात. कड करत नाही, एवढं सांगतो. काही ग्राहक गेले.

२०१९च्या उन्हाळ्यात त्याच तळासरीच्या शाळेतून एका शिक्षिकेच्या मानपत्रासाठी बोलावणं आलं. जुने मुख्याध्यापक मुलाकडे वसईला राहायला गेले होते, आणि जाताना मानपत्र शाळेला देऊन गेले होते. ते कार्यालयात टाचण्यांच्या फलकाशेजारी लावलेलं होतं. त्याच्यावर खिडकीतून ऊन येत असणार. बाईचा पांढरा रंग अजून पांढरा होता. माझी पांढरी शाई पिवळी पडली होती. त्यामुळे प्रत्येक सहाव्या कडीत कुठे जोड दिला आहे ते लांबूनही दिसत होतं. नव्या मुख्याध्यापिकेनं, हे डाग काच काढून पुसता येतील का, असं विचारलं. नाही, मी सांगितलं.

त्या दिवशी परतीची एसटी चुकली. अच्छाडच्या बाजूला जाणाऱ्या एका टेम्पोनं मला हायवेवर सोडलं, आणि समोर बाईचा नवरा काम करायचा तो ढाबा होता. तो तंदूरवर होता. मला पाहून त्याने मान हलवली, बस असं म्हटलं नाही. मी उभ्यानंच विचारलं, त्यांना बोलावणं येतं का. येतं, तो म्हणाला. या मोसमात पाच लग्नं झाली. परवाच एक उंबरगावच्या बाजूला होतं, तिथेही नेलं.

नवी साखळी कशी आहे, असं मी विचारलं.

त्याने कणकेचा गोळा हातावर थापला, तंदूरमध्ये वाकून आतल्या भिंतीला लावला आणि हात बाहेर काढला.

"तुला सांगायचं नाय," तो म्हणाला, "असं तिनं सांगितलंय."